हिमालयन ४५०: साताऱ्याच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची पारख

शोरूमच्या दारातून निघायचं आणि पुढच्या चौकातून वळून परत यायचं, एवढ्या फेरीत कुठलीही नवी गाडी आरामशीरच वाटते. सीट मऊ लागते, हँडल हाताला येतं, इंजिन गोड चालतं. कंबर, मनगट आणि बूड तक्रार करायला लागतात ते तास-दीड तासानंतर. तोवर चेक फाटलेला असतो. म्हणून रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची ही पारख दोनशे किलोमीटरच्या हिशेबाने केली आहे, आणि प्रश्न एकच ठेवला आहे: साताऱ्यातून पहाटे निघून संध्याकाळी गोव्यात किंवा हंपीत उतरताना अंग मोडून येईल की नाही?

उत्तर आधीच सांगून टाकतो. पाच फूट सातच्या पुढची उंची असेल आणि दोनशे किलोच्या आसपासची गाडी ढकलायची तयारी असेल, तर या किमतीच्या पट्ट्यात लांब पल्ल्यासाठी हीच गाडी पहिली बघावी. मात्र कंपनीतून येते तशी नाही. तुमच्या अंगाला लावून घेतल्यावर. लावून घ्यायला खर्च फारसा नाही, नट-बोल्ट फिरवायचे दोन पाने आणि अर्धा तास पुरतो. बहुतेक जण तेवढंही करत नाहीत आणि दोष सीटला देतात.

आकडे थोडक्यात. गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. ४५२ सीसीचं एक सिलिंडरचं, लिक्विड-कूल्ड इंजिन, ४० पीएस ताकद, ४० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर. टाकी १७ लिटरची, वजन १९६ किलो, जमिनीपासून उंची २३० मिलिमीटर. दोन्ही सस्पेन्शनचा प्रवास २०० मिलिमीटर. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर होती, हिची ८२५ वर आहे आणि ती ८४५ पर्यंत उचलता येते. जुनी गाडी विकून ही घेणाऱ्यांनी हा एक इंचाचा फरक आधी पायांनी मोजावा.

फेरीला निघण्याआधी

डेमो गाडीचा मीटर बघा. शंभर-दोनशे किलोमीटर चाललेली गाडी सस्पेन्शनला कडक लागते, कारण सील आणि बुश अजून मोकळे झालेले नसतात. दोन-तीन हजार चाललेली मिळाली तर ती जास्त खरं सांगेल. मग टायरमधली हवा थंड असताना तपासा आणि गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. शोरूममध्ये उभ्या गाड्यांत हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते. चार-सहा पौंड जास्त हवा असली की खडबडीत रस्त्यावर बारीक दणके थेट मणक्यात जातात आणि बिचारं सस्पेन्शन बदनाम होतं. चेन हाताने वर-खाली करून बघा. चेन सैल असेल तर कमी वेगात थ्रॉटल सोडता-धरताना गाडी गचके देते, आणि आपण म्हणतो इंजिनच रफ आहे.

सीट कुठल्या उंचीवर लावली आहे तेही विचारा. शोरूमवाले शक्यतो खालच्या, ८२५ च्या जागेवर ठेवतात, कारण गिऱ्हाइकाचे पाय टेकले की सौदा लवकर होतो. पण लांब पल्ल्याला प्रश्न पाय टेकण्याचा कमी आणि गुडघ्याच्या कोनाचा जास्त. सीट वीस मिलिमीटर वर गेली की गुडघा तेवढा उघडतो, मांडीचा भार सीटवर नीट पसरतो आणि दोन तासांनी गुडघे आखडत नाहीत. पाच फूट आठच्या माणसाने दोन्ही जागा बसून बघाव्यात आणि जमत असेल तर वरचीच घ्यावी. उंची कमी असेल तर कंपनीची खालची सीट वेगळी मिळते, तिच्याने ८०५ पर्यंत येता येतं. पण मग फूटरेस्ट आणि सीट जवळ येतात हे लक्षात ठेवून गुडघे दुमडून बघा.

कुठे आणि किती चालवायची

साताऱ्याइतकी सोयीची जागा या कामाला शोधून सापडणार नाही. शहरापासून तीस किलोमीटरच्या आत घाट, पठार, वारा आणि महामार्ग सगळं आहे. सकाळी समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून कासपर्यंत जाऊन यावं, हे साधारण पन्नास किलोमीटर. मग बोगद्यातून सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, जाऊन-येऊन साठेक. जेवणानंतर, म्हणजे अंग जड असताना, शेंद्रे-नागठाणे-उंब्रज करत कराड आणि परत, शंभर. शोरूम एवढी गाडी देणार नाही. ओळखीतल्या कुणाची मिळवा किंवा पुण्यातून एक दिवस भाड्याने आणा. तीन लाखांच्या आसपासच्या खरेदीपुढे एक दिवसाचं भाडं काहीच नाही.

यवतेश्वर घाटात गाडीचं वजन कळतं, आणि तेही चालताना नव्हे. चालत्या गाडीला १९६ किलो जाणवत नाहीत. २१ इंची पुढचं चाक असूनही वळणात ती सरळ, अंदाजाने झुकते. वजन जाणवतं ते उतारावर गाडी लावून नंतर मागे ढकलताना. घाटात एखाद्या रुंद, सुरक्षित जागी गाडी उतरत्या बाजूला तोंड करून लावा, बंद करा आणि बसल्या बसल्या मागे घेऊन बघा. जमत नसेल तर टूरवर प्रत्येक हॉटेलच्या दारात हाच त्रास आहे. सामान लादलेलं असताना आणखी वीस-पंचवीस किलो धरा.

कासच्या वाटेवर पावसाळ्यात जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून येते आणि साबणासारखी निसरडी होते. अशा ठिकाणी थ्रॉटल कसा उघडतो याला फार महत्त्व. या गाडीचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, परफॉर्मन्स आणि इको असे दोन मोड आहेत, आणि दोन्हींत मागचा एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय आहे. ओल्या घाटात इको बरा: प्रतिसाद मऊ होतो, मागचं चाक सटकत नाही. फेरी सुरू करण्याआधी मागचा एबीएस चालू असल्याचं स्क्रीनवर नक्की बघा. आधीच्या माणसाने खडीवर खेळून बंद ठेवला असेल तर ओल्या उतारावर कळून उपयोग नाही. क्लच हलका आहे, घाटात दिवसभर दाबला तरी डाव्या हाताचे स्नायू भरत नाहीत. फक्त चढावर वरच्या गिअरमध्ये रेटायचा मोह टाळा. कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर आहे. फार खालच्या फेऱ्यांवर ओढली की इंजिन ठोकल्यासारखं करतं आणि तो दणका चेनमधून थेट पाठीला येतो. एक गिअर खाली टाकला की तीच गाडी लोण्यासारखी चढते.

हात, हँडल आणि मुंग्या

या भागावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण लांब पल्ल्याच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात आणि इथेच फुकटात मिटतात.

गाडीवर नेहमीसारखे बसा, खांदे सैल सोडा, डोळे मिटा आणि हात हँडलवर ठेवून बोटं क्लच-ब्रेकवर टाका. डोळे उघडून मनगटाकडे बघा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा दिसली पाहिजे. मनगट वर मोडत असेल तर लिव्हर फार वर लावली आहे. क्लॅम्पचा बोल्ट थोडा सैल करून लिव्हर दोन-तीन अंश खाली फिरवायची, इतकंच काम. फूटरेस्टवर उभं राहून चालवायची सवय असेल तर आणखी किंचित खाली. हँडलही क्लॅम्पमध्ये फिरतं: स्वतःकडे फिरवलं की टोकं खाली आणि जवळ येतात, पुढे फिरवलं की वर जातात. पुढे वाकून बसावं लागत असेल आणि खांद्याच्या पात्यांमध्ये दुखत असेल, तर हँडल जवळ घ्या.

हाताला मुंग्या आल्या की सगळे म्हणतात व्हायब्रेशन. पण कुठल्या बोटांना येतात ते बघा. फक्त करंगळी आणि अनामिकेला येत असतील, तर तळहाताच्या त्या बाजूची नस दबते आहे. कारण भार किंवा लिव्हरचा कोन. पाचही बोटं झिणझिणत असतील आणि गाडी थांबल्यावरही पाच-सात मिनिटं राहत असतील, तर व्हायब्रेशन. पकड सैल केल्यावर लगेच कमी झाल्या, तर आवळून धरायची सवय. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि जाड ग्रिप बसवणं हा फक्त मधल्या कारणावरचा उपाय आहे.

एक सिलिंडरचं इंजिन आहे, थरथर असणारच. मिनिटाला ६,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला शंभर झटके. इंजिनमधला बॅलन्सर, म्हणजे थरथर मारायला बसवलेलं उलटं फिरणारं वजन, त्यातले बरेच खातो, सगळे नाही. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ६०, ७० आणि ८० या प्रत्येक वेगात पाच-पाच मिनिटं गाडी स्थिर ठेवा. टॅकोमीटरवरचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, आकडा लक्षात ठेवा आणि आरशात मागच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येते का बघा. आरसा ज्या फेऱ्यांवर धूसर होतो, तिथेच हात आणि तळपायही झिणझिणतात. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. या वेगात हिमालयनचं इंजिन निवांत असतं, दिवसभर चालवता येईल इतकं शांत. एक सिलिंडरची खरखर त्यापुढच्या फेऱ्यांत वाढत जाते. ज्यांना दोन सिलिंडरचा रेशमीपणा हवा आहे त्यांनी ही गाडी त्या अपेक्षेने बघू नये.

क्रूझ कंट्रोल नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असताना ते द्यायला हवं होतं, असं ठाम मत आहे. कराडच्या पुढे सरळ रस्त्यावर उजवं मनगट तासाभरात थकतं. थ्रॉटलवर बसणारी, तळहाताने दाबायची प्लॅस्टिकची पट्टी मिळते, तिने बोटं मोकळी राहतात. पण शहरात आणि घाटात ती फिरवून बाजूला करा, नाहीतर ब्रेक दाबायला हात सरकवताना नकळत थ्रॉटल उघडतो.

सीट

अंगठ्याने दाबून सीट मऊ आहे की कडक हे ठरवू नका. फार मऊ फोम वीस मिनिटांत दबून तळाला लागतो आणि मग बसण्याची दोन हाडं सरळ खालच्या पत्र्यावर टेकल्यासारखी होतात. हिमालयनचा फोम मध्यम कडक आहे. सुरुवातीला तो नको वाटतो, दुसऱ्या तासात त्याचं मोल कळतं. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला दीड-दोन तासांची बैठक बिनतक्रार जमावी. नव्वदच्या वरच्यांना त्याआधीच उतरून पाय मोकळे करावेसे वाटतील.

दुसरी गोष्ट उताराची. ब्रेक लावताना आपण टाकीकडे घसरतो का, आणि परत मागे सरकावं लागतं का, हे यवतेश्वर उतरताना मोजा. चार-पाच वेळा सरकावं लागलं तर जीन्सची शिवण जांघेत काचते आणि दोनशे किलोमीटरनंतर बसवत नाही. मागचा प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, कमी असेल तर गाडीचा मागचा भाग खाली बसतो, जास्त असेल तर उचलला जातो आणि सीटचा उतार वाढतो. म्हणजे सीटचा अर्धा प्रश्न शॉकअपमध्ये आहे.

शॉकअप लावून घेणं

पुढचा ४३ मिलिमीटरचा शोवा फोर्क जसा आहे तसाच वापरायचा, त्यात काही फिरवता येत नाही. मागच्या मोनोशॉकचा, म्हणजे एकुलत्या शॉकअपचा, प्रीलोड मात्र सी-पान्याने बदलता येतो, आणि तो तुमच्या वजनाला लावलाच पाहिजे. मोजायची रीत अशी: मागचं चाक जमिनीवरून पूर्ण उचला. चाकाच्या आसापासून सरळ वर, मागच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. समजा ते ६२० मिलिमीटर आलं. आता गाडी खाली घ्या, रायडिंग जॅकेट-बूट घालून दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा, एकाने पुढून गाडी धरावी, दुसऱ्याने सीट दोन-तीनदा दाबून सोडावी आणि पुन्हा मोजावं. फरक २०० मिलिमीटरच्या तीस टक्के, म्हणजे ६० च्या आसपास यावा. वरच्या उदाहरणात दुसरं माप ५६० हवं. ५४० आलं तर प्रीलोड वाढवा, ५८० आलं तर कमी करा.

हे का महत्त्वाचं? गाडी प्रमाणाबाहेर बसली की खड्ड्यात शॉकअपला खाली जायला जागाच उरत नाही आणि तळाला आपटतो. शिवाय पुढचं चाक हलकं होतं, हँडल सुस्त वाटतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कमी बसली तर गतिरोधकावर बूड सीटवरून उडतं. डबलसीट आणि सामान घेऊन निघताना पुन्हा मोजा. तेव्हा ७० पर्यंत चालेल, त्यापुढे नको.

नीट लावल्यावर या गाडीचं सस्पेन्शन हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी वळवलेले कच्चे-पक्के सेवारस्ते, अर्धवट खरवडलेलं डांबर, पुलाच्या सांध्यावरचे दणके, हे सगळं ती वेग न तोडता गिळते. इथे चांगल्या गुळगुळीत गाड्या रडकुंडीला येतात.

वारा

चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आडवा वारा गाडीला कसा ढकलतो, हे इथल्याइतकं स्वच्छ कुठे कळणार नाही. आधी रिकामी, मग मागे बॅग बांधून, असे दोन फेरे मारा. उंच बांधलेली बॅग शिडासारखी काम करते. सामान खाली आणि पुढे, मागच्या आसाच्या अलीकडे ठेवलं की गाडी ओळीत राहते. जड वस्तू दोन्ही बाजूंना समान, वर फक्त रेनकोटसारखं हलकं. वजनामुळे हिमालयन वाऱ्यात बऱ्यापैकी रोवून राहते. इथे ते १९६ किलो उपयोगी पडतात.

समोरच्या वाऱ्याचं वेगळं. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वरून ८० वर गेलं की जवळपास पावणेदोन पट. मूळ काच छोटी आणि एकाच जागी बसवलेली आहे. छातीवरचा वारा ती अडवते, पण उंच माणसाच्या हेल्मेटवर काचेच्या काठावरून उठलेला घुमणारा वारा आदळतो. तपासायचं असं: ८० च्या स्थिर वेगात मोकळ्या रस्त्यावर आधी मान थोडी खाली घ्या, मग फूटरेस्टवर दोन इंच उचला. खाली घेतल्यावर शांत झालं तर काच लहान पडते, कंपनीची उंच काच लावा. उचलल्यावर शांत झालं तर काच उंच पडते आहे, आणि तिच्यावर आणखी उंच तुकडा जोडून त्रास वाढेल. मान आखडणं आणि संध्याकाळचं डोकं दुखणं बहुतेक याच घुमणाऱ्या वाऱ्याचं असतं.

बाकीचं पटकन

उष्णता: दुपारी पोवई नाक्याला भुयारी मार्गाने न जाता वरून, गर्दीतून दोन फेऱ्या मारा. पंखा लागला की गरम झोत कुठे येतो ते नडगीला कळतं. जाड रायडिंग पँट असेल तर त्रास नाही.

पल्ला: लिटरला २७ किलोमीटर धरले तरी १७ लिटरमध्ये ४५० च्या पुढे जाते. सातारा ते कोल्हापूर आणि परत, मध्ये पंपावर न थांबता. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, म्हणजे तब्बल २९ किलोंनी हलकी आहे आणि तिला ट्यूबलेस अलॉय चाकं आहेत. पण टाकी १२ लिटरची, ताकद २६.५ पीएस. एकट्याने, कमी सामानात, निवांत फिरणाऱ्याने तीही चालवून बघावी. डबलसीट घाट चढताना फरक कळेल.

चाकं: सुरुवातीच्या हिमालयनला ट्यूबवाली स्पोक चाकं होती, ट्यूबलेस स्पोकचा पर्याय २०२४ मध्ये आला. जुनी किंवा सेकंडहँड घेत असाल तर हे आधी बघा. ट्यूब असेल तर २१ आणि १७ इंची दोन ट्यूब, टायर उघडायच्या पट्ट्या आणि हवेचा पंप सोबत हवाच. कास-बामणोलीच्या बाजूला पंक्चरवाला वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही, आणि मिळाला तरी २१ इंची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. नवी घेताना ट्यूबलेसचे पैसे मोजा, त्यात कंजुषी नको.

स्क्रीन: चार इंची गोल डिस्प्लेवर गूगल मॅप दिसतो, उन्हातही वाचता येतो. मोबाइलची बॅटरी मात्र झपाट्याने उतरते, म्हणून टाइप-सी केबल आतून ओढून ठेवा.

मागे बसणाऱ्या माणसाला या सगळ्या फेरीत निदान कासपर्यंत तरी न्या आणि मत त्याला किंवा तिलाच विचारा. सामानाच्या पेट्या लावल्यावर पाय टाकून चढता येतं का, पायाला पेटी लागते का, घाट उतरताना पुढे घसरायला होतं का, हे पुढच्याला कधीच कळत नाही. मागच्याचं अंग दुखलं की पुढच्याची टूरही अर्ध्यात आटपते.

अंधार पडल्यावर उंब्रज ते शेंद्रे परत येताना हेडलाइट तपासा, सामानासकट. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना डाव्या लेनमध्ये असतात. लाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जात असेल तर तो स्क्रूने खाली घ्या, पण आधी प्रीलोड बरोबर करा.

आणि पैसे भरायचा निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना नेमकं काय दुखतं ते लिहून काढा. मान असेल तर काच, खांदे असतील तर हँडल, करंगळी बधिर असेल तर लिव्हर, माकडहाड असेल तर सीट आणि प्रीलोड, गुडघे असतील तर सीटची उंची. तो कागद घेऊन शोरूममध्ये जा आणि डिलिव्हरीच्या आधी एकेक गोष्ट करून घ्या.